वाजवून घेतलेला उन्हाळा

मंडईबाहेरचा माठवाला मला लांबून पाहतो आणि आधीच हात जोडतो. "आजी, सगळे चांगलेत. डोळे मिटून उचला." डोळे मिटून उचला म्हणणाऱ्या माणसाकडून मी आजवर काहीही डोळे मिटून घेतलेलं नाही. मी वाकते, बोटाच्या पेराने टिचकी मारते, कान लावते. बद्द आवाज आला की पुढचा. शेवटी एखादा खणकन बोलतो, तेव्हा कुठे मला उन्हाळा लागल्याची खात्री पटते. कॅलेंडरवर माझा विश्वास नाही. हवामान खात्यावर तर नाहीच नाही.

तसा हा ऋतूच संशयाचा. बघा ना, माठ वाजवून घ्यायचा. कलिंगड वाजवून घ्यायचं. आंबा देठाशी हुंगायचा, पेटीतला वरचा थर उचलून खालचा बघायचा, आणि विकणारा "अस्सल देवगड" म्हणाला की आंब्याकडे नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचं. पाऊस आला की माणसं भाबडी होतात, भजी कुठल्या तेलात तळली तेसुद्धा विचारत नाहीत. थंडीत आळसावतात. उन्हाळ्यात मात्र आमच्या पुण्यात जो तो गुप्तहेर असतो. सगळं काही वाजवून, हुंगून, उलटून घ्यायचं; नवरा आणि सासू तेवढी न वाजवता घ्यायची, अशी आमच्या वेळची पद्धत होती.

परवा माझी नात मुक्ता ऑफिसातून आली, पंख्याखाली धपकन बसली आणि म्हणाली, "आजी, मला ना खूप गरमी होतेय."

"हळू बोल," मी म्हटलं, "खिडकी उघडी आहे."

तिला कळेना. आता या पोरीला कसं सांगायचं, की माझ्या तरुणपणी गरमी हे एका दुखण्याचं नाव होतं, चांगल्या घरात ते कुणी उच्चारत नसे आणि त्यावरच्या औषधाच्या जाहिराती रेल्वेकडेच्या भिंतींवर रंगवलेल्या असत. सांगितलं शेवटी. ती इतकी हसली की तिला आणखी गरमी झाली. "मग तुम्ही काय म्हणायचात?"

"उकडतंय म्हणायचो. फारच झालं तर तलखी होतेय. आणि सासू समोर असली तर काहीच म्हणायचो नाही."

उन्हाळा या शब्दावर मी आयुष्यभर नजर ठेवून आहे. दिसायला साधा, पण ज्याच्या तोंडी जाईल त्याचा होतो. शाळकरी पोराच्या तोंडी उन्हाळा म्हणजे सुट्टी. माझ्या आईच्या तोंडी उन्हाळा म्हणजे कुरडयांचा चीक आणि "कावळ्याकडे बघ गं" अशी गच्चीवरची हाक. डॉक्टरांपाशी गेला की त्याची उन्हाळी होते, आणि ती लागलेला माणूस धण्याचं पाणी पीत गुमान बसतो, कुठे जळजळतंय ते चारचौघांत सांगत नाही. "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी," असं मिशीवर हात फिरवून सांगणारे पुष्कळ भेटले. चार उन्हाळे जास्त पाहिलेत, असं म्हणणारा एकही नाही. मला यात कट दिसतो. पावसाळा खिडकीत बसून पाहता येतो. उन्हाळा पाहायचा नसतो, काढायचा असतो. आणि तो काढणाऱ्या बायकांना मिशा नसतात. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की दाराबाहेर हळूच विचारतात ना, "एवढा उन्हाळा काढतील का हो?" हल्ली दाराबाहेर कुणी हळू बोललं की मी ऐकण्याचं यंत्र कानात नीट बसवून घेते.

पण या शब्दाचा सर्वांत संशयास्पद उपयोग केला तो आमच्या ह्यांनी.

माझं लग्न झालं तेव्हा रेडिओ ऐकायला परवाना लागायचा, एवढ्यावरून काळ ओळखा. मी साताऱ्याहून आलेली. शनिवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्या आणि माणसं तीन: हे, मी आणि सासूबाई, ज्यांना सगळी पेठ माई म्हणायची. सासरे आधीच गेलेले. माई फार बोलत नसत. जे बोलत, ते ऐकणाऱ्याला संध्याकाळपर्यंत पुरत असे. हे त्यांचेच चिरंजीव. कचेरीतून यायचे, शर्ट खुंटीला लावायचे आणि गप्प बसायचे.

"बरं वाटत नाहीये का?"

"उन्हाळा आहे."

"जेवण का कमी केलंत?"

"उन्हाळा आहे."

"माझ्याशी बोलत का नाही?"

यावर मात्र ह्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "उन्हाळा आहे."

इतकं सगळं एका शब्दावर भागवणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे कळायला रहस्यकथा वाचाव्या लागत नाहीत. पण मी वाचायचे. कोपऱ्यावरच्या वाचनालयातून भाड्याने आणायच्या आणि पोळपाटाखाली लपवायच्या. तेव्हा माझी वेणी गुडघ्यापर्यंत होती आणि अक्कल त्या मानाने आखूड.

त्यात अक्षय्य तृतीया जवळ आली. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याने भरलेला माठ द्यायचा, वर वाळ्याची जुडी आणि एक आंबा. वैशाखात पितरांनाही तहान लागते, आणि इथे कुणाला तरी पाजलेलं पाणी तिथे त्यांना पोचतं, असं मानतात. आमच्याकडे सगळ्या गेलेल्यांचा मिळून एकच माठ द्यायची रीत होती. तो गुरुजी घेऊन जात. तोवर घरात आंबा कापायचा नाही. माई कुंभारवाड्यात स्वतः गेल्या, तिथल्या माणसांना घाम फुटेपर्यंत माठ वाजवले आणि घरी आल्या त्या दोन माठ घेऊन.

एक माठ देव्हाऱ्याखाली गेला. दुसरा मोरीच्या आडोशाला, ओल्या फडक्याखाली.

"माई, हा दुसरा कशाला?"

"असू दे."

ह्यांना विचारलं, तर हे त्या माठाकडे एकदा बघून लगेच दुसरीकडे बघायला लागले आणि म्हणाले, "उन्हाळा आहे. लागतो."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नवऱ्याची पहिली बायको! गेलेली. मला न सांगता पुसून टाकलेली. म्हणूनच हे उन्हाळ्यात गप्प, कारण ती उन्हाळ्यात गेली असणार. म्हणूनच पितरांच्या माठात तिला जागा नाही, वेगळा माठ. पुरावा म्हणाल तर एक माठ आणि एक गप्प नवरा. पण वीस वर्षांच्या बाईला तेवढा पुरतो. मी तिचं नावसुद्धा ठेवलं. नलिनी. गोरी होती, नाक सरळ, अक्षर मोत्यासारखं. तिचे पापड आरपार दिसेल इतके पातळ लाटले जायचे. माझे पापड कसे होते ते विचारू नका, माईंनी एक हातात घेऊन म्हटलं होतं, "यावर जेवायला वाढलं तरी चालेल." नलिनीला असं कुणी बोललं नसतं. मी रोज तिच्याशी भांडायचे, रोज हरायचे. मग तिच्यावर मात करायची म्हणून पहाटे उठून गव्हाचा चीक ढवळायचे, पाठ मोडेपर्यंत. त्या वर्षीच्या कुरडया अप्रतिम झाल्या, त्याचं सगळं श्रेय नलिनीला.

एके दिवशी ह्यांना पाणी देता देता मी अगदी सहज, म्हणजे तालीम करून, विचारलं, "नलिनी कशी होती हो?"

"कोण नलिनी?"

चेहरा शांत. आवाज चढलेला नाही. असे लोक फार धोकादायक असतात, असं मी वाचलेलं होतं.

अक्षय्य तृतीयेला सकाळी गुरुजी येऊन पहिला माठ घेऊन गेले. जेवणं झाली. आमरस झाला. पेठेतली दुकानं नेहमीप्रमाणे डोळे मिटून पडली, आमचे हेही पडले. मी दाराआड टपून होते. माईंनी डोक्यावरून पदर घेतला, मोरीतला भरलेला माठ उचलून कमरेवर घेतला आणि निघाल्या. मी मागोमाग. चपलांचा आवाज होईल म्हणून चपला घरीच ठेवल्या. वैशाखातली दुपार, फरशीचा रस्ता, आणि ही साताऱ्याची गुप्तहेर अनवाणी! पहिली दहा पावलं अभिमानात गेली. पुढची सगळी उड्या मारत. या छपराच्या सावलीतून त्या सायकलच्या सावलीत. सायकलची सावली केवढी असते, ते तेव्हा समजलं.

माईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. चालता चालताच म्हणाल्या, "चपला घालून ये. मी काही पळून जात नाहीये."

परत कशी जाणार? पाय भाजून घेणं परवडलं, पण हार नको. मी तशीच लंगडत गेले. दोन वळणं घेतल्यावर माई एका कल्हईच्या दुकानापाशी थांबल्या. रशीदभाईंचं दुकान. आमच्या गल्लीतली सगळी पितळेची भांडी त्यांच्याकडेच उजळायची. अख्खी पेठ झोपलेली असताना तिथे भट्टी पेटलेली होती, भाता श्वास टाकत होता आणि नवसागराचा तिखट पांढरा धूर छपराखाली कोंडला होता. पायरीशी ओली वाळू पसरलेली, त्यावर गेल्या वर्षीचा माठ, शेवाळ धरलेला.

रशीदभाईंनी चिमट्यात धरलेलं पातेलं खाली ठेवलं. "आलात माई? मला वाटलं, यंदा घरात सून आली, आता सुटलात."

"सून आली म्हणूनच आले," माई म्हणाल्या. त्यांनी जुना माठ बाजूला केला, नवा वाळूत घट्ट फिरवून बसवला, वर वाळा टाकला. मी भिंतीच्या बोटभर सावलीत एका पायावर उभी. आता ही नलिनीसाठी हात जोडणार, अशी माझी अपेक्षा. माईंनी हात जोडले नाहीत. पदराने घाम पुसला.

मला राहवेना. "हा कुणाच्या नावाचा?"

"माझ्या."

"पण तुम्ही तर..."

"आहे अजून. तुझी हरकत नसेल तर."

रशीदभाई पातेल्यात तोंड घालून हसले, त्यामुळे त्यांचं हसू घुमलं.

"मी गेल्यावर कोण देणार?" माई म्हणाल्या. "माझा मुलगा? त्याला स्वतःच्या तहानेचं पाणी कुणी तरी हातात द्यावं लागतं. आणि तू? तुझा काय भरवसा? ऊन पायाखाली आहे की डोक्यावर, हे तुला कळत नाही."

"पण पितरांचा एक माठ जातोच की गुरुजींकडे. त्यात तुम्ही..."

"त्या एका माठावर सात पिढ्यांचे पुरुष आधी तोंड लावणार. बायकांच्या वाट्याला गाळ. जन्मभर शेवटी जेवले, मेल्यावर तरी शेवटी प्यायचं नाहीये मला." मग माठावरचा वाळा सारखा करत म्हणाल्या, "आणि गुरुजींच्या घरी आज माठांची रांग लागलेली असते. तिथे माझ्या पाण्याला विचारतो कोण? इथे भट्टी आहे. येणारा-जाणारा हमाल आहे. जिथे तहान आहे, तिथलंच पाणी पोचतं."

मी नलिनीला तिथेच, भट्टीपाशी निरोप दिला. खोटं कशाला बोलू, थोडं वाईटही वाटलं. इतकी चांगली सवत पुन्हा मिळणं कठीण.

रशीदभाईंनी नव्या माठातलं पहिलं पाणी माझ्या पायांवर ओतलं. "सूनबाई, पुढच्या वेळी पाठलाग सकाळी करा." दुसरा तांब्या माझ्या हातात दिला. माईंच्या नावाचं पाणी, माईंच्या देखत, त्यांच्या सुनेने प्यायलं. नव्या मातीचा वास, वाळ्याचा गारवा आणि कडेला किंचित नवसागर. माई माझ्या घशाकडे बघत होत्या. घोट उतरतोय की नाही, याची खात्री करून घेत होत्या बहुतेक.

ह्यांचं गप्प राहणं मला उमगलं ते पुढे खूप वर्षांनी. गॅलरीत बसलो होतो, विषय निघाला. म्हणाले, "तो माठ मोरीत दिसला की आई गेलीच, असं वाटायचं मला. आणि आपल्यावर तिचा एवढासुद्धा विश्वास नाही, याचं वाईट वाटायचं. ते काय सांगणार तुला? म्हणून म्हणायचो..."

"उन्हाळा आहे," मी म्हटलं.

"हो."

माई पुढे कितीतरी उन्हाळे आपला माठ आपण देत राहिल्या. मी बरोबर जायचे, चपला घालून. दर वर्षी वाटेत म्हणायचे, "माई, आता हे माझ्यावर सोडा." दर वर्षी उत्तर यायचं, "बघू." रशीदभाईंची पितळेची भांडी कमी होत गेली, स्टील आलं, भाता थकला. पण पायरीशी वाळू ओली असायची.

शेवटच्या आजारपणात मी उशाशी बसले होते. माईंनी डोळे उघडले. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलणार. त्या म्हणाल्या, "माझे माठ आगाऊ देऊन झालेत. तू तसदी घेऊ नकोस. तुला जमायचंही नाही."

असा राग आला मला! मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण मी तेरा दिवस रागावलेली होते, आणि पुढची अक्षय्य तृतीया आली तेव्हा तर रागाने लालबुंद. जमायचं नाही म्हणजे काय? कुंभारवाड्यात जाऊन मी असे माठ वाजवले की शेजारच्या आळीतली माणसं बाहेर आली. सर्वांत खणखणीत माठ कमरेवर घेतला आणि भर दुपारी दुकानाच्या पायरीशी नेऊन उभी राहिले. बघाच म्हटलं, जमतं की नाही ते.

रशीदभाई पांढऱ्या दाढीतून म्हणाले, "आलात? बसवा. जागा धरून ठेवलीय."

वाळू ओली होती. आधीच. मी येणार हे यांना कुणी सांगितलं, असा एक प्रश्न तेव्हा मनात येऊन गेला. पण मी रागात होते. रागात असताना माणसाला संशय नीट घेता येत नाही.

तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही. आम्ही बिबवेवाडीला राहायला आलो, हे गेले, पेठ लांब पडली, गुडघे वाजायला लागले. माठासारखे नाहीत, बद्द. तरी माईंचा माठ माईंच्या जागी जातो. केवळ हट्टाने. आणि गेली काही वर्षं मला एक नवाच संशय छळतो आहे, की हाच त्यांचा बेत होता. त्यांनी मलाही वाजवून पाहिलं होतं. "कर गं बाई माझ्यासाठी" म्हटलं असतं तर मी दोन वर्षं केलं असतं आणि तिसऱ्या वर्षी विसरले असते. "तुला जमायचं नाही" म्हटल्यावर जन्मभर केलं. म्हातारी माझ्यापेक्षा चार उन्हाळे जास्त काढून बसलेली. तिच्यापुढे माझ्या रहस्यकथा काय टिकणार?

यंदा मी माठ तीन आणले.

मुक्ताने ते गॅलरीत पाहिले आणि कमरेवर हात ठेवले. "आजी, एक पितरांचा. एक पणजीचा. तिसरा कुणाचा?"

"उन्हाळा आहे. लागतो."

तिने डोळे बारीक केले. पोरगी आमच्याच घराण्यातली.

पितरांच्या माठासाठी गुरुजींना फोन केला, तर ते म्हणाले, माठ नको, फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नाही. माई बरोबर होत्या. तो खाली वॉचमनच्या खोलीत बसवला. आमचे हे आता तिथे सात पिढ्यांबरोबर नंबर लावून उभे असतील, आणि कुणीतरी हातात देईपर्यंत पिणार नाहीत. उरलेले दोन घेऊन मी मुक्ताच्या स्कूटरवर बसले. एक तिच्या पायांशी, एक माझ्या मांडीवर. सिग्नलला लोक आमच्याकडे बघत होते.

दुकानात आता रशीदभाईंचा नातू सलीम असतो. भट्टीच्या जागी दुरुस्तीसाठी उघडलेले कूलर आणि एसी. "या आजी! उन्हाळा म्हणजे आमची दिवाळी," तो दर वर्षी म्हणतो. घरोघर जेवण पोचवणारी मुलं पाठीवर ते भलेमोठे चौकोनी खोके घेऊन त्याच्या पायरीशी थांबतात, पाणी पितात, पळतात. दुसऱ्यांचं जेवण पाठीवर आणि स्वतःचा घसा कोरडा. तहान तिथेच आहे, फक्त तिने कपडे बदललेत.

मी माईंचा माठ बसवला. त्याच्याशेजारी दुसरा.

"यंदा दोन?" सलीमने विचारलं.

"तेच विचारतेय मी सकाळपासून," मुक्ता म्हणाली. "आजी, बोल. कुणाचा?"

"माझा."

ती हळूच म्हणाली, "पण तू आहेस की."

"आहे अजून. तुझी हरकत नसेल तर."

"अगं आजी, काय हे? मी देईन ना. म्हणजे नंतर. कधीतरी. मी आहे ना."

क्षणभर वाटलं, मिठी मारावी, म्हणावं, दे गं बाई, विसरू नकोस मला. इतकी साधी गोष्ट आहे. माईंनाही तेव्हा हेच म्हणायचं असेल का, हे आता कुणाला विचारू? मी पदर नीट केला.

"तू?" मी म्हटलं. "तुझा काय भरवसा? तुला माठ आणि कुंडी यातला फरक कळत नाही. तू तसदी घेऊ नकोस. माझा मी देऊन जाईन."

मुक्ताचं नाक फुगलं. तिने हेल्मेट घातलं, गाडी काढली. अर्धा रस्ता मी मागे बसून तिच्या ताठ पाठीकडे बघत होते.

सिग्नलला गाडी थांबली. ऊन मी म्हणत होतं. मागे न बघता तिने विचारलं, अगदी तुटकपणे, "चांगला माठ आवाजावरून नक्की कसा ओळखतात?"

मी पदर डोळ्यांना लावला. तिने आरशातून पाहिलं.

"आजी, रडतेयस?"

"उन्हाळा आहे," मी म्हटलं.

आरशातले डोळे बारीक झाले. तिचा काडीचाही विश्वास बसला नव्हता.